दादाच्या बेटावरचा सरडा

माणूस मेल्यावर भूत होतो म्हणतात, ते खरं-खोटं देव जाणे; पण जिवंतपणी, दर महिन्याला पेन्शन उचलत आणि दोन वेळा व्यवस्थित जेवत भूत झालेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा चुलत दीर आहे. आमच्या ह्यांचा धाकटा चुलतभाऊ. राहतात अमरावतीला, पण प्रकट होतात अकोल्याला, जठारपेठेतल्या आमच्या घरात, आणि तेही भर दुपारी. उन्हाळ्यातली अकोल्याची दुपार ज्यानं काढली नाही त्याला सांगून कळायचं नाही. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली असतात, घरोघरी खिडक्यांवर चादरी टांगून लोक अंधार करून पडलेले असतात आणि कूलरच्या घरघरीत शेजारी दरोडा पडला तरी ऐकू येऊ नये. अशा वेळी मी पाणी प्यायला उठावं, पुढच्या खोलीच्या अंधारात ह्यांच्या खुर्चीवर कोणीतरी ताठ बसलेलं दिसावं, आणि मी किंचाळायच्या आत त्यानं शांतपणे म्हणावं, "वैनी, दिवा नका लावू. मले दिसून राह्यलं." फाटकाची कडी वाजलेली नसते, दार ढकलल्याचा आवाज नसतो. पहिल्या वेळी मी हातातला तांब्या फेकून मारला होता. तो त्यांच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आदळला. भाऊजींची पापणीसुद्धा लवली नाही. "पाणी सांडलं न," एवढंच म्हणाले.

हे भाऊजी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पण शिकवणं हे निमित्त. खरं म्हणजे समोर येईल त्याची वर्गवारी करणं हेच त्यांनी जन्मभर केलं. बारशाला आले की पाळण्यात वाकून बघायचे. 'कोणावर गेलाय हो?' म्हणून बायका कौतुकानं थांबल्या की गंभीरपणे सांगायचे, "कानाची पाळी आईची. कवटी आत्याची." दर्यापूरला माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी पंगतीतल्या दोन अनोळखी बायकांना सख्ख्या बहिणी ठरवून टाकलं. बायका म्हणाल्या, अहो, आमची तर आजच भेट झाली. भाऊजी म्हणाले, "घरी जाऊन विचारा." त्या दोन घरांत पुढं काय रामायण झालं ते मी लिहीत नाही, पण तेव्हापासून दर्यापूरच्या लग्नांची बोलावणी आम्हाला जरा कमीच येतात. त्यांचं स्वतःचं लग्नही असंच राहिलं. एकदा मुलगी पाहायला नेलं होतं. मुलगी चांगली शिकलेली, देखणी, सगळं जमत आलेलं. तिच्या वडिलांनी विचारलं, काही विचारायचं आहे का? भाऊजी मुलीला म्हणाले, "जरा मान वळवता काय? हां, आता दुसऱ्या बाजूनं." बस. चहा यायच्या आत आम्ही रस्त्यावर.

तरी त्यांचं नाव झालं ते बिनपायाच्या प्राण्यांमुळे. "पाय नाही म्हून कोणी साप होत नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता मला ते आरतीसारखं पाठ आहे. आसपासच्या गावांत न्हाणीत, लाकडांत, शेताच्या धुऱ्यावर काही वळवळलं की यांना फोन. भातकुलीकडचा एक शेतकरी तर दुधाच्या कॅनमध्ये घालून ते ध्यान एसटीनं घेऊन आला होता, आणि वर कंडक्टरला म्हणाला होता की दूध नासलेलं आहे, उघडू नका. भाऊजींचे तीन प्रश्न ठरलेले. "पापणी लवते काय? कानाले भोक हाय काय? शेपटी तुटते काय? हो असन तं सरडा, नाही असन तं साप." शेतकरी म्हणाला, "सर, पापणी पाहाले तिच्या जवळ जाईन कोण?" मग भाऊजी स्वतः कॅनमध्ये डोकं घालून बसले. निघाली सापसुरळी, तिचे इवलेसे पाय घाबरलेल्या माणसाला गवतात दिसले नव्हते. हेच तीन प्रश्न ते माणसांनाही लावायचे. कॉलेजचे त्या वेळचे प्राचार्य नुकतेच बदलून आले होते, तेव्हा भाऊजींनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर निकाल दिला, "पापणी लवत नाही. कानाचं भोक असून नसल्यावानी. शेपटी कोणी पाह्यली नाही. मंग समजा तुमी." प्राचार्य दारातच उभे होते. भाऊजींची बढती लांबली ती अशी.

ते निवृत्त झाले आणि कॉलेजनं जुनं संग्रहालय मोडीत काढलं. आत्तापर्यंत ज्यांना दोन पोरं आणि एक झुरळ सोडून कोणी भेटायला जात नव्हतं त्या सगळ्या प्राण्यांच्या बरण्या भाऊजींनी ऑटोत घालून घरी आणल्या. कामवाली त्याच दिवशी पळाली. मी एकदा तिथं मुक्कामाला गेले होते, चहा करायला म्हणून त्यांच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात शिरले आणि साखर कुठंय विचारलं. "दुसऱ्या फळीवर, वैनी." मी हात घातला तर हाताला गार काच लागली, आणि काचेच्या आतून उकडल्यासारखे पांढरे डोळे माझ्याकडे बघत होते. अगं बाई गं! भाऊजी बाहेरून म्हणतात, "साखर त्याच्या मांगं हाय. त्याले जरा सरकवा न." जरा सरकवा! जसा काही पाहुणाच बसलाय वाटेत. त्या घरात चोहीकडून कोणीतरी आपल्याकडं पाहतंय असं वाटत राहतं, कारण खरोखरच पाहत असतं. भाऊजी बाहेर जाताना त्यांना सांगून जायचे, आल्यावर विचारपूस करायचे. मी म्हटलं, अहो, मेलेत ते. तर माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मीच मेलेय. "स्पिरिटात कोणी मरत नाही, वैनी," म्हणाले. "थांबते फक्त." त्यानंतर मी तिथं मुक्काम केला नाही.

पण ज्या एका बरणीनं त्यांना आमच्या घरात भुतासारखं यायला लावलं ती त्यांच्याकडं नव्हती. ती माझ्या माळ्यावर होती. त्यासाठी आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. ह्यांचं नाव मी घेत नाही. हसा खुशाल, जन्मभर शाळेत मास्तरीणबाई म्हणून पोरांना धीट व्हायला शिकवलं, पण ही सवय काही सुटली नाही. कागदावर हजारदा लिहिलं असेल, तोंडानं मात्र लग्नातल्या उखाण्यानंतर कधी नाही. बँकेतल्या मुलीनं विचारलं की मी आधार कार्ड पुढं करते. तर हे बांधकामावर ओव्हरसियर होते आणि काही वर्षं निकोबारच्या बेटांवर रस्त्याच्या कामाला होते. तिथं सुरुंगाच्या आवाजानं त्यांचा एक कान गेला तो गेलाच. एका दिवाळीला परत आले ते लोणच्याची एक बरणी घेऊन. आत तपकिरी पाण्यात वेटोळं घातलेलं काहीतरी, पेन्सिलीएवढ्या जाडीचं, गांडूळ म्हणावं तर खवले, साप म्हणावं तर डोळे नाहीत. कुजक्या ओंडक्याखाली सापडलं होतं. तिथं स्पिरिट कुठलं, म्हणून ह्यांनी रममध्ये बुडवलं होतं. "अर्धी बाटली यानंच पेली," म्हणून सांगत होते. आज असं जनावर उचलून आणलं तर तुरुंगात बसवतील. तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं. ह्यांनी ते आणलं होतं फक्त भाऊजींसाठी. एवढा समुद्र ओलांडून, मांडीवर धरून.

सगळं खानदान फराळाला जमलेलं. ह्यांनी बरणी पुढं केली आणि लहान मुलासारखं म्हणाले, "ओळख." भाऊजींच्या एका हातात चकली होती. त्यांनी बरणी उजेडात धरली. पापणी? नाही. कानाला भोक? नाही. शेपटी तोडून बघायचा प्रश्नच नव्हता. "वाळा हाय दादा," म्हणाले. "आंधळा साप. आपल्या कुंड्यांच्या मातीतून निंगते तो. याच्यासाठी रम कायले वाया घालवली?" सगळे हसले. हे म्हणाले, "अबे, पाय होते त्याले. मांगं दोन. मी उलटा करून पाह्यला." मग तर हसण्याला ऊतच आला. दादाच्या बेटावर सापाला पाय असतात! पुढं कित्येक वर्षं घरातली पोरं ह्यांना बघितलं की विचारायची, "काका, सापाले पाय असते न?" हे हसायचे. पण त्या दिवसानंतर ह्यांनी बेटाबद्दल बोलणं बंद केलं. आधी किती सांगायचे! रात्रभर वाजणारा पाऊस, झाडावर चढणारे खेकडे, बोटीची वाट पाहणारी माणसं. मग काही सांगायला लागले की मधेच थांबायचे, म्हणायचे, जाऊ दे, तुमाले खोटं वाटन. बरणी माळ्यावर गेली. मला भाऊजींचा राग आला होता तो त्या हसण्याचा नाही, ह्या थांबण्याचा. मग एका हिवाळ्यात, आजारबिजार काही नसताना, हे गेले.

भाऊजी तेव्हा आले होते. दिवसकार्य झालं, परत गेले. आणि मग दोन-तीन वर्षांनी ही दुपारची भुताटकी सुरू झाली. तांब्या फेकल्यावर मी दिवा लावलाच आणि विचारलं, "काय काम काढलंत?" ते म्हणाले, "दादाची बरणी पाह्याची होती." मग खाली मान घालून, चोरी कबूल करावी तसं म्हणाले, "काचबिंदू झाला मले, वैनी. नळीतून पाह्यल्यावानी दिसते. नळी बारीक होऊन राह्यली. डॉक्टर म्हणते, थांबवता येते, आणता येत नाही वापस. आन थांबून नाही राह्यली ती." मी पडलेला तांब्या उचलला, तोवर ते पुढं म्हणाले, "तो वाळा होता का दुसरं काही, एवढं पाहून घेऊ द्या. दादा खरा होता का मी, हे मले दिसते तवर ठरलं पाह्यजे." बरणी अमरावतीला न्यायचं नाव काढलं तेव्हा मात्र मी ठणकावून सांगितलं की ह्यांची वस्तू ह्या घरातून हलणार नाही, त्या पांढऱ्या डोळ्यांच्या फळीवर तर मुळीच नाही. काय पाहायचं ते इथं बसून पाहा.

तेव्हापासून ते येत राहिले. दुपारच्या एसटीला गर्दी नसते म्हणून दुपारी, आणि अंधाराची सवय व्हावी म्हणून चोरपावलांनी. हो, सवय. फाटकापासून खुर्चीपर्यंत डोळे मिटून, काहीही न वाजवता यायचं, असा त्यांनी नेमच केला होता. मी म्हटलं, अहो, काठी घ्या, गॉगल लावा, चार माणसं करतात तसं करा. ते म्हणाले, "अंधार एकदम आला तं भेव वाटन न मले. म्हून आधीच ओळख करून राह्यलो." असं कोणी बोललं की माणसानं रागवायचं तरी कसं? त्यांच्या बोटांनाही त्यांनी कामाला लावलं होतं. माझ्यासमोर बसून डोळे मिटून तांदूळ निवडायचे, खडा एकीकडं, कणी एकीकडं. अंधाऱ्या खोलीत ताटातली ती सळसळ आणि वर छताकडं वळलेला त्यांचा चेहरा. पोस्टमन एकदा पत्र द्यायला आत डोकावला आणि पत्र उंबऱ्यावरच टाकून गेला.

पडदे ओढून, टेबलावर एकच दिवा लावून ते अमरावतीहून आणलेल्या मायक्रोस्कोपवर वाकायचे. काळ्याभोर खोलीत एवढाच उजेड, त्यात पितळी नळी, बशीतलं ते वेटोळं, आणि भिंगाला चिकटलेला भाऊजींचा एक डोळा. त्या मेल्याला डोळे नव्हते, यांचे चालले होते. दोघं एकमेकांकडं तासन्‌तास बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात जायची. एक दिवस तिथून ऐकलं. भाऊजी म्हणाले, "डोकशावरच्या खवल्या मोठ्या हायेत. वाळ्याच्या अशा नसतात. शेपटीच्या टोकाले काटाही नाही." आणि मग उत्तर आलं. "मंग मी काय म्हनत होतो बे?" माझ्या हातातली सांडशी खाली पडली. तो ह्यांचा आवाज होता. तोच, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा, जरा वरच्या पट्टीतला. मी बाहेर आले तेव्हा भाऊजी एकटेच होते. मी म्हटलं, "भाऊजी, ह्यांचा आवाज काढू नका. तुमच्या पाया पडते." ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी कुठी काढला? मी तं माह्याच आवाजात भांडून राह्यलो होतो." आता दोघं एका घरात वाढलेले, घराण्याचा गळा एक, असेल तसंच काही. मी तेव्हापासून स्वयंपाकघरातला रेडिओ लावून ठेवायला लागले. पण कधीकधी, खरं सांगते, बंदही करायची, आणि कान देऊन उभी राहायची.

नागपंचमीला घोळ झाला. शेजारच्या काकू पुरणाची दिंडं घेऊन आल्या, टेबलावर ते वेटोळं दिसलं आणि त्यांनी आधी हळद-कुंकू वाहून मग विचारलं की हे काय आहे. भाऊजी कळवळून म्हणाले, "काकू, नाग नाही तो! बहुतेक सरडा हाय." काकूंनी नीट निरखून पाहिलं. "पाय हायेत काय त्याले?" "तेच तं ठरवून राह्यलो." "ठरलं की सांगजा," काकू म्हणाल्या, "तवर नाग." आणि लाह्या वाहून गेल्या. भाऊजी हसले. त्या दिवशी त्यांनी मला नीट समजावलं. तो वाळा नाही हे त्यांना आता पक्कं कळलं होतं. सापच नव्हता तो. सरड्यांतलं एक अजब घराणं, जमिनीत राहणारं, आंधळं, बहिरं, आणि ही जात तर फक्त त्या बेटांवरची. भाऊजींच्या तिन्ही प्रश्नांना त्यानं चुकवलं होतं. "माह्ये प्रश्नच कच्चे निंगाले, वैनी." पण पायांचं बाकी होतं. ह्या जातीत मादीला पाय मुळीच नसतात; नराला मागं दोन नावापुरते, कातडीच्या कपच्यांसारखे, अंगाला चिकटून. म्हणजे ही मादी असेल तर दादानं पाय पाहिले हे खोटं. नर असेल तर दादानं खरंच पाहिले. आणि ते कळायला वेटोळं उलगडून पोट वर करायला हवं, तर रममध्ये इतकी वर्षं राहून ते लाकूड झालेलं. ओढलं तर तुटणार. ते काहीतरी पाणी-स्पिरिट बदलत बदलत त्याला नरम करायला लागले, आणि इकडं त्यांची नळी बारीक होत चालली. कोण आधी सुटतं, वेटोळं की डोळे, एवढंच उरलं होतं. मी देवाला दिवा लावताना दोन्हींसाठी मागायला लागले होते. सरड्यासाठी नवस करणारी अकोल्यात मी पहिलीच असेन.

डोळे आधी गेले. ऑक्टोबरचं ऊन तापलं, पडदे पुन्हा चढले, दिवाळी तोंडावर आली आणि एका दुपारी भाऊजी, एसटीच्या कंडक्टरनं ऑटोत बसवून दिलेले, आले ते फाटकाला धडकून. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या येण्याचा आवाज झाला आणि मी दाराकडं धावले. खुर्चीवर बसले. म्हणाले, "उजेड हाय एवढं समजते. बाकी गेलं." मी म्हटलं, "मग मी बघते. मला सांगा कुठं बघायचं." ते मान हलवत राहिले. "तुमी त्याची बायको. तुमाले पाय दिसतीनच. हे मलेच पाह्यलं पाह्यजे." आणि बशी पुढं ओढली. वेटोळं आता मऊ झालं होतं. त्यांनी नखं कापलेली बोटं ओली केली आणि ते हळूहळू, जुन्या लुगड्याची घडी उलगडावी तसं, सरळ करायला सुरुवात केली. मी दिवा धरून उभी. आणि तेवढ्यात लाईट गेली.

कूलर थांबला. दिवा गेला. जाड पडद्यांमागं भर दुपारी इतका अंधार होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. गल्लीत एकही आवाज नाही. स्पिरिटचा वास आणि त्याखाली, इतक्या वर्षांनी, जरासा रमचा. मी पडदा ओढायला निघाले तर भाऊजी म्हणाले, "राहू द्या, वैनी. मले काही फरक नाही." त्या अंधारात आता एकट्या त्यांनाच दिसत होतं. मी जिथल्या तिथं उभी राहिले. किती वेळ गेला कोणास ठाऊक. त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मधेच तो बंद झाला. मला वाटलं, गेलं, तुटलं. मग ते इतक्या हळू बोलले की मला पुढं वाकावं लागलं. "बोट द्या."

मला त्या मेल्याला हात लावायची किळस होती, भीती होती, सगळं होतं. मी बोट दिलं. भाऊजींनी ते धरून गार, ओल्या, गुळगुळीत अंगावरून शेपटीकडं नेलं आणि एका जागी थांबवलं. काहीच नव्हतं. मग त्यांनी बोटाच्या टोकानं जरा सोडवलं, आणि बोटाखाली काहीतरी आलं. तांदळाच्या कणीएवढं. हललं, म्हणजे मी हलवलं, आणि पुन्हा अंगाला चिकटलं. "आता दुसऱ्या बाजूले," भाऊजी म्हणाले. तिथंही कणी होती.

"पाय," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ह्यांचा आवाज येणार. 'पाह्य, मी म्हनत नव्हतो काय?' मी खरंच वाट पाहिली. पण कोणी बोललं नाही. भाऊजी रडत होते, आणि ते त्यांच्या स्वतःच्याच आवाजात.

लाईट आली तेव्हा त्यांनी तोंड पुसलं आणि एकदम प्राध्यापक झाले. "चिठ्ठी लिहा. बरणीत टाकाची हाय. पेन्सिलीनं, शाई स्पिरिटात जाते." ह्यांनी तेव्हा बॉलपेननं लिहून टाकलेली चिठ्ठी कोरी झाली होती. मी शाळेतलं माझं ठेवणीतलं अक्षर काढलं. ते सांगत गेले. डिबामस, म्हणजे त्या सरड्याचं शास्त्रातलं नाव. त्याखाली, निकोबार. त्याखाली, नर. 'नर' सांगताना थांबले, म्हणाले, "हे जरा मोठं काढा." मग गोळा करणाऱ्याचं नाव, मी ह्यांचं लिहिलं. "आता शेवटची ओळ. ओळखणारा. आमच्यात ही ओळ लय मोठी असते, वैनी. हिच्यासाठी माणसं जन्मभर बोलत नाहीत एकमेकाशी." मी त्यांचं नाव लिहायला घेतलं, आणि त्यांनी पेन्सिलीवर हात ठेवला, कसा कळला त्यांना तो आवाज, कोण जाणे. "दादाचंच लिहा," म्हणाले. "त्यानं उलटा करून पाह्यला होता. मी चकली खाऊन राह्यलो होतो."

मी लिहिलं. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांत धरला, चेहऱ्याजवळ नेला, आणि मग परत माझ्याकडं केला. "वाचून दाखवा." मी म्हटलं, "बरोबर लिहिलंय, भाऊजी." "मले दिसत नाही न. पूर्ण वाचा."

मी डिबामस वाचलं. निकोबार वाचलं. नर वाचलं. पुढं माझी जीभ अडली. भाऊजी हसले नाहीत. ह्यांच्या खुर्चीवर बसून, न दिसणारे डोळे माझ्या दिशेला लावून थांबले. एवढी वर्षं आधार कार्ड पुढं करून निभावलं होतं. ते आता कोणाला दाखवू? मी म्हटलं, "सुधाकर." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा म्हटलं, "सुधाकर."

भाऊजी खोलीत कान देऊन जरा वेळ बसून राहिले.

"नाव अजून एक डाव घ्या, वैनी," ते म्हणाले. "त्याले एका कानानं कमी ऐकू येत होतं."

मी घेतलं. या वेळी मोठ्यानं.